शॉट सुटलाय, तू कुठे आहेस?

बास्केटबॉलच्या स्कोअरशीटवर न मिळालेल्या रिबाउंडसाठी रकाना नसतो. फास्ट ब्रेकवर खाल्लेली बास्केट मात्र सगळ्या मैदानाला दिसते. आपली मुलगी तिकडे रिंगखाली अडकलेली, समोरच्या संघाच्या दोघी मोकळ्या मैदानातून सुटलेल्या, आणि कठड्यावर बसलेले पालक वळून माझ्याकडे, म्हणजे प्रशिक्षकाकडे, बघतायत. माझं म्हणणं असं, की एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या, भल्याभल्या प्रशिक्षकांनी मधली दहा-पंधरा वर्षं ऑफेन्सिव्ह रिबाउंडवर पाणी सोडलं, त्यात गणित होतंच, पण गणिताइतकीच या नजरेची धास्ती होती.

ज्यांची या खेळाशी तोंडओळख आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या संघाने शॉट मारला. चेंडू हवेत आहे. आत गेला नाही तर रिंगवर आपटून कुठेतरी उडणार. तो पकडणं म्हणजे रिबाउंड. त्या सेकंद-दीड सेकंदात बाकीच्या चौघांपुढे दोन वाटा असतात. रिंगकडे घुसून चेंडू परत मिळवायचा (हाच ऑफेन्सिव्ह रिबाउंड), नाहीतर पाठ फिरवून आपल्या रिंगकडे पळत सुटायचं. घुसलेल्याला चेंडू मिळाला नाही तर तो खेळाच्या मागे पडतो आणि समोरचे चारांवर पाच होऊन धावत येतात, तोच फास्ट ब्रेक. पळालेला सुरक्षित, पण चेंडू समोरच्यांना आंदण दिला.

माझा धंदा बर्फाचा. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ आमचा कारखाना आहे, वडिलांनी घातलेला. अमेरिकेत रात्रीच्या मॅचेस रंगात येतात तेव्हा आमच्याकडे लाद्या फोडायची वेळ असते. मोबाइल टेबलावर उभा करून ठेवतो, पण क्रशर सुरू झाला की समालोचनाचा एक शब्द कानावर पडत नाही. त्यातून एक सवय लागली. समालोचन नसलं की डोळे चेंडूवरून हटतात. शॉट मारणाऱ्याला सोडून उरलेले नऊ जण काय करतात, ते दिसायला लागतं. आणि संध्याकाळी एका शाळेच्या मैदानावर मुलींचा संघ घेतो, तिथे नेमकं हेच कामाला येतं. (संघ फुकट घेतो. बायकोच्या मते 'फुकट' हा शब्द चूक आहे, कारण बॉल आणि जाळ्या माझ्याच खिशातून येतात. खाऱ्या वाऱ्यात रिंगला दर वर्षी रंग द्यावा लागतो, तो खर्च निराळा.)

१९८० च्या दशकात एनबीएमधले संघ आपल्या चुकलेल्या शॉटपैकी साधारण एक तृतीयांश स्वतःच परत मिळवायचे. मोझेस मलोनसारख्या माणसाचा पोटापाण्याचा उद्योगच तो होता. १९७८-७९ च्या एका मोसमात त्याने ५८७ ऑफेन्सिव्ह रिबाउंड घेतले, तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. नंतर हे प्रमाण घसरत गेलं आणि २०२०-२१ च्या सुमारास २२ टक्क्यांवर येऊन ठेपलं. तिसऱ्या हिश्श्यावरून पाचव्याच्या जवळ.

याचं एक कारण उघड आहे. थ्री पॉइंटर, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून मारलेले तीन गुणांचे शॉट, वाढले. २०११-१२ मध्ये एक संघ मॅचला अठराएक थ्री मारायचा, २०२४-२५ मध्ये हा आकडा ३७ च्या पुढे गेला. चार खेळाडू रेषेबाहेर पसरून उभे, तर रिंगखाली घुसायला जवळ असतो कोण? एकटा सेंटर, संघातला उंच गडी, आणि त्यालाही बऱ्याचदा वर बोलावून स्क्रीन लावायला, म्हणजे बचावपटूच्या वाटेत आडवं उभं राहायला, लावतात. पण दुसरं कारण प्रशिक्षकांनी जाणूनबुजून घेतलेला निर्णय होता. सॅन अँटोनिओमध्ये ग्रेग पोपोविच आणि बॉस्टनमध्ये डॉक रिव्हर्स, दोघांचा खाक्या एकच: शॉट सुटला की मागे फिरा. रिव्हर्स यांचा बॉस्टन २०११-१२ मध्ये ऑफेन्सिव्ह रिबाउंडच्या टक्केवारीत लीगच्या अगदी तळाला होता, आणि त्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. वयस्कर संघ, बचाव कडक, पाच जण वेळेत परत आले की समोरच्याला हाफ कोर्टात घाम गाळायला लावायचा. तेव्हाच्या बॉस्टनसाठी ते बरोबरच होतं. गडबड झाली ती बाकीच्यांनी डोळे मिटून त्याचं अनुकरण केलं तेव्हा.

इथे मला माझा धंदा आठवतो. कारखान्यातून निघालेली लादी बोटीच्या खणात पोचेपर्यंत किती वितळली हे कुठल्याच बिलावर येत नाही. फुटलेल्या लादीवरून मात्र खलाशी, टेम्पोवाला आणि मी तिघं भांडतो. न मिळालेला रिबाउंड हा वितळलेला बर्फ आहे. कोणी विचारत नाही, म्हणून कोणी मोजत नाही.

तरी एकदा मोजून बघू. आकडे माझे, फक्त हिशोब समजायला. समजा आपले ५० शॉट चुकले. २२ टक्के परत मिळवले तर ११, ३० टक्के मिळवले तर १५. चार जादा संधी. रिंगखाली हातात आलेला चेंडू सरासरी एका गुणाहून थोडा महागच असतो, तेव्हा चारांचे साडेचार गुण धरू. आता उलटी बाजू. उरलेले ३५ चेंडू समोरच्यांना मिळणार. आपण घुसल्यामुळे त्यांना दर वेळी एक दशांश गुण जास्त मिळाला, तर आपले साडेतीन गुण गेले. शिल्लक एक गुण, फायद्यात. पण एक दशांशाच्या जागी दीड दशांश धरलात तर सव्वापाच गुण गेले आणि आपण तोट्यात.

म्हणजे सगळा प्रश्न त्या दशांशावर टांगलेला आहे. घुसणं चांगलं की वाईट, याला सरसकट उत्तर नाही. घुसताना समोरच्यांची धाव किती सैल सुटते, एवढंच विचारायचं.

हे मोजायला आधी साधन नव्हतं. स्कोअरशीटवरून रिबाउंड कोणी घेतला ते कळतं, पण कोण घुसला, कोण पळाला आणि कोण नुसता उभा राहिला, ते कळत नाही. मग एनबीएच्या मैदानांच्या छतांना सहा-सहा कॅमेरे लागले. प्रत्येक खेळाडूची आणि चेंडूची जागा सेकंदाला २५ वेळा टिपणारे. २०१३-१४ पर्यंत ते सगळ्या मैदानांवर पोचले. काहीच मैदानांवर होते तेव्हा, २०१३ मध्ये, बॉस्टनच्या एमआयटी स्लोन या खेळांतल्या आकडेवारीवरच्या परिषदेत जेना वीन्स आणि सहकाऱ्यांनी या कॅमेऱ्यांच्या नोंदींवरून नेमका हाच प्रश्न घेतला होता: शॉट सुटल्यावर खेळाडू रिंगकडे सरकतात की मागे, आणि त्याचे दोन्हीकडचे परिणाम काय. मला त्यातला प्रश्न मांडायचा धीर आवडला. वर्षानुवर्षं 'मागे फिरा' हा शिस्तीचा विषय समजला जायचा. शिस्तीला कोणी हिशोब मागत नाही.

माझे डोळे बिनआवाजाच्या मोबाइलवर जे बघतात ते असं: घुसणारे थोडे, पळणारे थोडे, आणि बघे पुष्कळ. थ्री पॉइंट रेषेवर उभं राहून, मान वर करून, चेंडू कुठे पडतो ते बघणारे. करोडोंचे करार असलेले लोक. यांना रिबाउंडही मिळत नाही आणि बचावही सापडत नाही. प्रशिक्षकाने सांगितलेलं असतं 'परिस्थिती बघून ठरव', आणि तो बिचारा परिस्थिती बघतच राहतो. आमच्या मुलींमध्येही हा रोग होता. मी बाहेरून ओरडायचो, "अगो, बघत काय उभी ऱ्हायलीस!" आणि ती दचकून एक पाऊल पुढे, एक मागे.

या बघ्यांवरचा उपाय ऑस्ट्रेलियातून आला. तिथल्या लीगमध्ये केर्न्स टायपन्स संघाला पूर्वी शिकवणारे अॅरन फर्न यांची ही पद्धत, टॅगिंग अप. कल्पना ऐकायला उलटी वाटते. शॉट सुटला की चेंडूकडे जायचं नाही आणि मागेही पळायचं नाही. आपल्याला ज्याने मार्क केलंय त्याच्याकडे जायचं. तेही त्याच्या वरच्या बाजूने, म्हणजे तो आणि मैदानाची मधली रेषा यांच्यामध्ये. छाती आणि मांडी त्याला लावायची आणि त्याला रिंगखाली रेटत न्यायचं.

आता गंमत बघा. बचाव करणाऱ्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, की बॉक्स आउट कर, रिंग आणि खेळाडू यांच्यामध्ये राहा. ती जागा त्याला आपण खुशाल देतो. नको तेवढी देतो. तो इतका आत ढकलला जातो की चेंडू त्याच्या डोक्यावरून बाहेर उडतो, आणि बाहेर आपण उभे. थ्री पॉइंटरचे चुकलेले शॉट लांब उडतात, त्यामुळे आजच्या खेळात बाहेरची जागा पूर्वीपेक्षा जास्त मोलाची झालीय. आणि समजा चेंडू त्यालाच मिळाला, तरी आपण त्याच्या आणि त्याच्या धावेच्या मध्ये आहोत. मागे पळून 'माझा माणूस कोणता' म्हणून शोधाशोध करायची नाही, माणूस अंगालाच चिकटलेला आहे. त्या दशांशाचा बंदोबस्त इथे होतो.

एनबीएत टोरांटो रॅप्टर्सनी निक नर्स यांच्या हाताखाली हे मनावर घेतलं. २०२१-२२ मध्ये ऑफेन्सिव्ह रिबाउंडमध्ये मेम्फिस पहिला आणि टोरांटो त्याच्या मागोमाग होता. मेम्फिसचं समजू शकतो, त्यांच्याकडे स्टीव्हन अॅडम्स होता, न्यूझीलंडचा. भिंतीसारखा माणूस, त्या मोसमात मॅचला ४.६ ऑफेन्सिव्ह रिबाउंड घेऊन लीगमध्ये पहिला. पण टोरांटोकडे असा कोणी डोंगर नव्हता, सगळे मध्यम उंचीचे, लांब हातांचे, धावरे. (एनबीएच्या हिशोबात मध्यम म्हणजे सहा फूट आठ-नऊ इंच, आमच्याकडे दरवाजाची चौकट बदलावी लागेल.) उंची नसताना संघाने मिळून रिबाउंड कमावता येतात, ही माझ्यासाठी बातमी होती. आमच्या संघात पाच फूट चारच्या वरची मुलगी दुर्मीळ.

मुलींना शिकवायला घेतलं तेव्हा सगळ्यात आधी जमलं ते कबड्डीतून आलेल्या एका मुलीला. गावाकडे कोपरा खेळायची. बास्केटबॉलच्या पोरींना अंगाला अंग लावायचं म्हणजे फाउल होईल अशी भीती, त्या लांबून हात पुढे करायच्या, आणि हात पुढे केला की फाउल होतोच. हिला मात्र हात न लावता वजन टाकायचं कसं ते अंगातच होतं. कंबर खाली, पाऊल रुंद, समोरची वळली की आपणही वळायचं. चेंडूकडे ती बघायचीच नाही. बाकीच्यांना मी तिच्या मागे उभं करून फक्त तिचे पाय बघायला लावले. चेंडू न घेता सराव करायचा, ही गोष्ट पालकांना आळशीपणा वाटली.

उघड्या मैदानावर आणखी एक भानगड असते ती वाऱ्याची. मार्च-एप्रिलमध्ये दुपारनंतर समुद्राकडून वारा धरतो. समुद्राकडच्या रिंगवर शॉट मारताना तो तोंडावर येतो, चेंडू आखूड पडतो आणि रिंगच्या पुढच्या कडेला लागून मारणारीच्याच अंगावर परत येतो. दुसऱ्या रिंगवर वारा पाठीवर, चेंडू लांब जातो आणि पलीकडच्या बाजूला उडतो. त्यामुळे आमच्याकडे दोन टोकांना दोन नियम आहेत. समुद्राकडच्या रिंगवर शूटरने मागे फिरायचं नाही, पुढेच राहायचं. उलट टोकाला पलीकडच्या कोपऱ्यातल्या मुलीचं काम सगळ्यात मोठं. बंदिस्त मैदानावरही कोपऱ्यातून चुकलेला शॉट बहुतेक पलीकडेच पडतो, हे एनबीएत कोणत्याही रात्री दिसेल. वाऱ्याने फक्त ते ठळक होतं.

चौघी टॅग करतात आणि एक मागे राहते. तिला मुली राखणदार म्हणतात. गावाच्या वेशीवर असतो तो राखणदार, त्याला वर्षाला नारळ तरी मिळतो, हिला काहीच मिळत नाही. रिबाउंड नाही, गुण नाही, टाळ्या नाहीत. म्हणून ही जागा मी फिरती ठेवलीय, नाहीतर सगळ्यात शहाण्या मुलीला कायम शिक्षा.

१९ जून २०१३ ची सकाळ मला या सगळ्यात वेगळी वाटते. मासेमारी बंदी, कारखाना बंद, बाहेर धो धो पाऊस, आणि घरी टीव्हीवर फायनलची सहावी मॅच. मायामी तीन गुणांनी मागे, सॅन अँटोनिओ विजेतेपदापासून काही सेकंदांवर. लेब्रॉन जेम्सचा थ्री चुकला. ख्रिस बॉशने रिबाउंड घेतला, कोपऱ्याकडे उलट पावली सरकणाऱ्या रे अॅलनला दिला, ५.२ सेकंद उरले असताना बरोबरी, आणि ओव्हरटाइममध्ये १०३-१००. त्या क्षणी पोपोविच यांनी टिम डंकनला बाकावर बसवलं होतं, कारण त्यांना थ्री अडवायला चपळ माणसं हवी होती. लोक त्यांना त्यावरून अजून बोल लावतात. मला त्यात दुसरंच दिसतं. मायामी त्या मोसमात मॅचमागे रिबाउंडमध्ये लीगच्या तळाला होता. पण शेवटच्या सेकंदांत तीन गुणांनी मागे असताना फास्ट ब्रेकची भीती कोणाला? हिशोबाची एक बाजूच पुसली गेलेली. अशा वेळी रिबाउंड न घेणारा संघही रिबाउंड घेतो. मग पहिल्या तीन क्वार्टरमध्ये किती वेळा तो घेता आला असता, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला.

अलीकडे वारं फिरलंय. ह्यूस्टनने इमे उडोका यांच्या हाताखाली २०२४-२५ मध्ये ऑफेन्सिव्ह रिबाउंडमध्ये पहिला नंबर काढला आणि ५२ मॅच जिंकल्या. स्टीव्हन अॅडम्स आता त्यांच्याकडे, त्याच्या जोडीला अल्पेरेन शेंगुन. दोन धिप्पाड माणसं एकदम मैदानात, मागे झोन बचाव, म्हणजे माणूस नव्हे, जागा राखायची. शॉट फारसे चांगले नसतील तर चुकलेले तरी परत आणा, असा सरळ व्यवहार. पहिल्याच फेरीत गोल्डन स्टेटकडून सात मॅचेसमध्ये हरले हेही खरं. गोल्डन स्टेटने अॅडम्सला मुद्दाम फाउल करून फ्री थ्रोवर पाठवायचा डाव टाकला, कारण त्याचा फ्री थ्रो बेभरवशाचा. म्हणजे रिबाउंडसाठी मैदानात ठेवलेल्या माणसाची किंमत दुसऱ्या खिडकीवर वसूल झाली. हा खर्च माझ्या वरच्या कागदी हिशोबात नव्हता.

१४ सेकंदांच्या नियमाने रिबाउंडचं मोल घटलं, असं मधे कोणीतरी मला ठासून सांगत होतं. ऑफेन्सिव्ह रिबाउंडनंतर शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायला मिळणाऱ्या वेळेचं घड्याळ, २४ ऐवजी १४ वर लावायचा, हे आंतरराष्ट्रीय नियमांत २०१४ मध्ये आलं, एनबीएने २०१८-१९ पासून घेतलं. पण रिंगखालून लगेच परत मारायला १४ सेकंद म्हणजे चैन आहे. घटलं असेल तर चेंडू बाहेर काढून पुन्हा सावकाश डाव मांडणाऱ्यांसाठी.

टॅगिंग अपला दोन भगदाडं आहेत, आणि त्यांवर मला पूर्ण समाधानकारक उत्तर एनबीएतही दिसलेलं नाही. पहिलं, शॉट अडवायला झेपावलेला खेळाडू. तो उडी मारून शूटरच्या बाजूने पुढे जातो आणि न थांबता तसाच समोरच्या रिंगकडे सुटतो. शूटर अजून हवेत किंवा मागे कललेला, त्याने टॅग करायचं कोणाला? दुसरं, आपल्या पॉइंट गार्डचा, म्हणजे चेंडू घेऊन डाव चालवणारीचा, चुकलेला लेअप, रिंगखाली शिरून मारलेला शॉट. ती रिंगखाली पडलेली, उरलेल्या चौघी आणि समोर पाच जणी. चुकलेल्या शॉटवरून फास्ट ब्रेक सुटतो तो माझ्या बघण्यात जास्त इथूनच, थ्री पॉइंटरवरून नव्हे. तरी प्रशिक्षकांचा राग बाहेरून घुसणाऱ्या विंगवरच, म्हणजे कडेच्या खेळाडूवरच, निघतो.

शालेय स्पर्धांत आमचा जिल्हा कोल्हापूर विभागात येतो. जिल्हा जिंकून गेलं की समोर सांगली-कोल्हापूरच्या मुली, उंच, बारमाही सराव असलेल्या. गेल्या खेपेला तिथे हरलो, पण त्यांचे धावून केलेले गुण आधीच्या वर्षापेक्षा खूप कमी होते आणि आमचे दुसऱ्या प्रयत्नातले जास्त. त्यांच्या प्रशिक्षिका नंतर येऊन म्हणाल्या, "सर, तुमच्या मुली आमच्या मुलींच्या मागे का उभ्या राहत होत्या?" मी त्यांना चहा पाजला आणि कबड्डीचं कारण सांगितलं. टॅगिंग अपबद्दल अवाक्षर काढलं नाही, पुढच्या वर्षी पुन्हा गाठ त्यांच्याशीच आहे.

पाऊस ओसरला आणि मैदानावरचं शेवाळ खरवडून झालं की पहिला सराव पॉइंट गार्डच्या लेअपचा. पॉइंट गार्ड आत शिरली की तिच्या बाजूच्या कोपऱ्यातली मुलगी चेंडू सुटायच्या आधीच वर सरकून राखणदार होणार, आणि आधीची राखणदार टॅग करायला मोकळी. त्याने कोपऱ्यातला थ्री हातचा जातो, हे मला माहीत आहे. आमच्याकडे कोपऱ्यातून थ्री मारणारी एकच मुलगी आहे आणि तीही वारा पडला असेल तेव्हाच.